रात्रीत २२ मिलिमीटर: मोटरहोमच्या बसणाऱ्या जॅकचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १२ वर्षांची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी. वजन सुमारे ११ टन, इंजिन मागे, खाली हवेचे सस्पेन्शन आणि चार कोपऱ्यांना चार हायड्रॉलिक जॅक. मालक नवरा-बायको, दोघेही साठीच्या पुढचे, वर्षातले सात-आठ महिने गाडीतच राहणारे. गाडी समतल उभी राहणे ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. तिरक्या गाडीत झोप लागत नाही, कपाटांची दारे आपोआप उघडतात आणि गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला की त्याच्या मागच्या नळ्यांत द्रव अडकून थंडावा मरतो. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. मोजमापे वहीत लिहिली होती तशीच दिली आहेत.

या जॅकची रचना आधी सांगतो, कारण सगळा निकाल तिच्यावरच लागला. १२ व्होल्टची मोटर, तिला जोडलेला पंप, शेजारी तेलाची टाकी आणि धातूच्या एका ठोकळ्यावर बसवलेले चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपा, दर जॅकला एक. बटण दाबले की मोटर फिरते, त्या जॅकचा व्हॉल्व्ह उघडतो, तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि रॉड खाली उतरतो. बटण सोडले की व्हॉल्व्ह मिटतो, तेल कोंडले जाते आणि गाडी तेवढ्याच उंचीवर उभी राहते. जॅक वर घेताना मोटरला काम नसते. व्हॉल्व्ह नुसता उघडतो, आधी गाडीचे वजन आणि मग सिलिंडरच्या बाहेरच्या दोन स्प्रिंगा रॉड वर ढकलतात, तेल टाकीत परत येते. म्हणजे तेल एकाच बाजूने ढकलते. तेल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल एटीएफ.

तक्रार

तक्रारी दोन होत्या आणि दोन्ही मागच्या उजव्या कोपऱ्याच्या. पहिली म्हणजे रात्री पाणसळ लावून समतल केलेली गाडी सकाळी त्या कोपऱ्यावर बसलेली असायची. दुसरी म्हणजे निघताना बाकीचे तीन जॅक अर्ध्या मिनिटात वर जायचे, हा मात्र पाच-सहा मिनिटे रेंगाळायचा आणि ‘जॅक खाली आहे’ असा दिवा जळत राहायचा.

दुसरी तक्रार मला जास्त काळजीची वाटली. दिवा जळत असताना गाडी हलवली आणि रॉड एखाद्या उंचवट्याला अडकला तर जॅक चॅसीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून, फाटून निघतो. म्हणून पहिल्याच फोनवर सांगितले, “काका, दिवा विझल्याशिवाय एक फूटसुद्धा गाडी पुढे घेऊ नका.”

माझ्याकडे येण्याआधी बरेच काही झाले होते. तेल कमी झाले असेल म्हणून मालकांनी टाकीत तेल ओतले. नंतर टाकीच्या झाकणाभोवती तेल दिसू लागले. एका कार्यशाळेत त्या जॅकच्या दोन्ही स्प्रिंगा बदलून झाल्या, फरक शून्य. मग तिथेच सांगण्यात आले की सिलिंडरचे सील गेले आहे, तेलही सांडते आहे, अख्खा जॅक बदलावा लागेल. हा खर्च करावा की नाही, एवढेच विचारायला ते माझ्याकडे आले होते.

पहिला प्रश्न: तेल गेले कुठे?

जॅक बसला म्हणजे सिलिंडरमधले तेल कमी झाले. ते कुठेतरी गेले असणारच. जावे कुठे, याला दोनच वाटा: सिलिंडरच्या, नळीच्या किंवा जोडाच्या बाहेर, नाहीतर व्हॉल्व्हमधून मागे टाकीत.

दोन्ही बाजूंनी तेल ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये आतले सील झिजले तर तेल एका बाजूकडून दुसरीकडे सरकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. हा जॅक तसा नव्हता. यात सील गेले तर तेल रॉडवरून ओघळून बाहेरच यायला हवे. मी चिंधी घेऊन खाली गेलो. रॉड कोरडा, सिलिंडरच्या तोंडाशी बसलेली धूळसुद्धा कोरडी. नळीच्या दोन्ही टोकांना पुठ्ठा धरून पाहिला, डाग नाही. (गळती हाताने चाचपडून शोधू नये. या यंत्रणेत दाब २०० बारच्या घरात जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडीत घुसते, जखम क्षुल्लक दिसते आणि तरी ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते.)

मग टाकीच्या झाकणावरचे तेल? मालकांना विचारले, तेल ओतले तेव्हा जॅक कुठे होते? खाली होते. तिथेच उत्तर मिळाले. जॅक खाली असताना तेल सिलिंडरांमध्ये असते, टाकी रिकामी दिसते. ती काठोकाठ भरली आणि मग चारही जॅक वर घेतले की परत येणाऱ्या तेलाला जागा उरत नाही, ते झाकणातून बाहेर येते. तेलाची पातळी नेहमी सगळे जॅक पूर्ण वर असताना पाहायची, आणि जागा वाढवायला बाहेर सरकणारी खोलीची भिंत त्याच पंपावर चालत असेल तर तीही आत घेऊन. सांडलेले तेल गळतीचे नव्हते, जास्त ओतल्याचे होते. पण त्याच तेलामुळे ‘सील गेले’ हे निदान सगळ्यांना पटले होते.

नक्की बसतो का, आणि किती?

इथे मी एक रात्र घालवली. मालकांना ती वाया गेल्यासारखी वाटली, कारण त्यांना तीन दिवसांत निघायचे होते. पण गाडी बसते ही तक्रार होती, जॅक बसतो हे अजून कोणी पाहिले नव्हते. जमीन मऊ असेल तर जॅकचा पंजा मातीत रुततो. हवेच्या सस्पेन्शनमधली हवा रात्रभरात निघून गेली तर गाडी जॅकवर अधिक भार टाकते आणि चॅसीला थोडा पीळ बसतो. पाणसळीतला बुडबुडा या तिन्ही गोष्टींत सारखाच सरकतो.

म्हणून गाडी काँक्रीटवर घेतली, सस्पेन्शनमधली हवा आधीच पूर्ण सोडली आणि चारही रॉडची बाहेर आलेली लांबी मोजली: सिलिंडरच्या तोंडापासून पंजापर्यंत. गाडीची उंची मोजली नाही, रॉडच मोजला. संध्याकाळी सात वाजता चारही कोपऱ्यांवर साधारण २६० मिलिमीटर. सकाळी सात वाजता पुढचे दोन आणि मागचा डावा २ ते ३ मिलिमीटरने कमी. मागचा उजवा २२ मिलिमीटरने कमी.

ते २-३ मिलिमीटरही समजून घेण्यासारखे आहेत. असे तेल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ टक्के आकसते. त्या रात्री तापमान १२ अंशांनी उतरले होते. २६० मिलिमीटरच्या तेलाच्या स्तंभाला हिशेबाने २ मिलिमीटरच्या थोडे वर येते. म्हणजे तीन कोपरे निरोगी होते, नुसते गार झाले होते. सकाळी गाडी २ मिलिमीटर खाली दिसली म्हणून कोणी व्हॉल्व्ह बदलू नयेत. चौथ्या कोपऱ्याचे २२ मात्र थंडीच्या हिशेबात बसत नाहीत.

समोर असलेले पर्याय

जॅक बदलणे हा पहिला पर्याय रद्द झाला होता. कोरडा रॉड पाहिल्यावर त्याला आधारच उरला नव्हता.

दुसरा पर्याय होता चारही व्हॉल्व्ह एकदम नवे बसवण्याचा. वेळ वाचला असता, तक्रार बहुधा मिटलीही असती. पण आत काय बिघडले होते हे कळले नसते, आणि बिघाडाचे कारण आत शिल्लक राहिले असते तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने गेला असता. शिवाय एक गोष्ट मला खुपत होती. गाडी बसते म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जॅक वर यायला वेळ लावतो म्हणजे तेलाची परतीची वाट पूर्ण उघडत नाही. एकाच कोपऱ्याला या दोन उलट तक्रारी कशा? स्प्रिंगा नव्या होत्या, रॉड सरळ होता, त्यावर गंज नव्हता. चारही जॅक रेंगाळत असते तर टाकीकडे परतणाऱ्या सामाईक वाटेवर संशय घेतला असता. इथे रेंगाळत होता एकच. रेंगाळण्याची तऱ्हाही बोलकी होती: गाडीचे वजन अंगावर असेपर्यंत रॉड बऱ्यापैकी चढायचा, पंजा जमिनीवरून सुटला आणि नुसत्या स्प्रिंगांचा जोर उरला की तिथेच गती मरायची. अरुंद झालेल्या वाटेचे हे लक्षण आहे. जोर असेपर्यंत तेल तिच्यातून निघते, जोर कमी झाला की अडते.

तिसरा पर्याय अदलाबदलीचा. मागच्या उजव्याचा व्हॉल्व्ह काढून मागच्या डाव्याच्या जागी घालायचा, डाव्याचा उजवीकडे, आणि आणखी एक रात्र थांबायचे. बिघाड व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेला तर दोष व्हॉल्व्हमध्ये. उजवीकडेच राहिला तर नळी, सिलिंडर किंवा ठोकळ्याच्या त्या खाचेत. मी हाच निवडला.

मधेच एक मोह झाला. पंप चालू असताना मोटरचा आवाज दबलेला वाटत होता. मल्टिमीटरने मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तर चालू मोटरवर ०.८ व्होल्टचा फरक. अर्थिंगची वायर चॅसीला जिथे बोल्टने कसली होती तिथे गंज होता. घासून घट्ट करायला दहा मिनिटे पुरली असती. तरीही अदलाबदलीची रात्र संपेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला हे सांगता येत नाही. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे कॉइलचा, संशय तेवढा तिथल्या तिथे फेडला: चारही कॉइलचा रोध सारखा, प्लगवर चारहीकडे सारखा व्होल्ट, आणि बटण दाबल्यावर चारही कॉइलच्या नटाला पेचकसाचे टोक सारखेच चिकटत होते.

कृती

चारही जॅक पूर्ण वर. चॅसीखाली लोखंडी घोड्या, कारण गाडी नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेच्या सस्पेन्शनवर असताना खाली जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. बॅटरीची वायर सोडली. ठोकळ्याभोवतीची धूळ ब्रशने आणि चिंधीने साफ केली, कारण व्हॉल्व्ह निघाला की उघड्या भोकात पडलेला एक कणही पुढचा बिघाड होतो. दोन्ही व्हॉल्व्हवर खुणा केल्या, हळू सैल केले, उरलेला दाब निघू दिला, अदलाबदल केली.

दुसऱ्या सकाळी मागचा उजवा रॉड २ मिलिमीटर कमी. मागचा डावा १९. आणि वर येताना रेंगाळणाराही आता डावाच होता. दोन्ही तक्रारी व्हॉल्व्हबरोबर गेल्या होत्या.

मी तो व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि टॉर्च धरला. करंगळीएवढा नळकांड्यासारखा भाग, बाजूला बारीक भोके, आत टोकाशी बसणारी सुई आणि तिची बैठक. एका भोकाच्या कडेला काहीतरी पांढुरके. चिमट्याने धरून ओढले तर चार-पाच मिलिमीटर लांब, केसासारखा पिळलेला तंतू निघाला. त्याचे दुसरे टोक बैठकीपर्यंत गेले होते आणि तिथे चेपून पारदर्शक झाले होते. नखाने ताणले तर तो तुटला नाही, लांबला.

टेफ्लॉन टेप. नळाच्या जोडावर गुंडाळतात ती.

दोन्ही उलट तक्रारींचे उत्तर त्या तंतूत होते. एक टोक बैठकीत अडकल्याने सुई पूर्ण बसत नव्हती, रात्रभर तेल झिरपत टाकीत जात होते. दुसरे टोक भोकावर आडवे पडल्याने परतीचे तेल अडत होते. आणि जॅक खाली सोडताना त्रास का नव्हता, तर पंपाचा जोरदार प्रवाह उलट दिशेचा, तो तंतूला भोकापासून बाजूला ढकलत होता.

आता मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या फोनवरच विचारायला हवा होता: “या जॅकची नळी कधी बदलली होती का?” मालक म्हणाले, “हो, मागच्या वर्षी. खडीवर घासून जुनी फाटली होती.” जॅककडचे टोक उघडले. शंकूच्या तोंडाचा जोड, आणि त्याच्या आट्यांवर टेपचे तीन वेढे. या जोडात तेल अडवतो तो धातूवर धातू बसणारा शंकू, आटे नुसते कसण्यासाठी असतात. तिथे टेपचा काही उपयोग नाही. कसताना तिच्या चिंध्या होतात आणि जोडाच्या तोंडाशी आलेल्या चिंध्या तेलाबरोबर आत जातात. जॅक वर येताना तेल सिलिंडरकडून व्हॉल्व्हकडे वाहते, म्हणून पंपाच्या तोंडाची जाळी त्यांना अडवू शकत नाही. ती व्हॉल्व्हच्या पलीकडे असते.

टेप खरवडून काढली, शंकू पुसला, जोड कोरडा कसला. व्हॉल्व्ह स्वच्छ एटीएफमध्ये धुतला, त्याच्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) नव्या घातल्या आणि उजवीकडे त्याच्या जागी बसवला, डाव्याचा डावीकडे. जॅक वर घेऊन टाकीतले जास्तीचे तेल काढले, पातळी खुणेवर आणली. चारही जॅक सहा वेळा खाली-वर केले म्हणजे शिरलेली हवा टाकीत निघून जाईल. अर्थिंगही घासून घट्ट केले, फरक ०.८ वरून ०.१ व्होल्टवर आला आणि मोटरचा आवाज खुलला. मागचा उजवा जॅक बाकीच्यांबरोबरच वर आला. मालक त्याच संध्याकाळी निघाले.

तीन आठवड्यांनी

फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. “थोडे बसतेय पुन्हा. तुम्ही दाखवले तसे रॉडवर मोजले. ८ मिलिमीटर.”

चूक माझी होती. टेपचा उगम बंद केला होता, पण आधीच तुटून नळीत आणि सिलिंडरमध्ये गेलेले तुकडे तिथेच सोडले होते. तीन वेढ्यांच्या टेपमधून एकच तंतू सुटला असेल असे मानायला काही कारण नव्हते. मालकांना निघायची घाई होती, जॅक सुरेख वर आला होता, आणि मी समाधान मानले. बसण्याची तक्रार घेऊन आलेली गाडी पुन्हा एक रात्र उभी करून न मोजताच सोडली, हीही चूक त्यातलीच.

या वेळी नळी आणि सिलिंडर धुऊन काढले. घोड्यांवर गाडी, हा एकच जॅक थोडा खाली सोडला, पण पंजा जमिनीला टेकण्याआधी थांबवला, म्हणजे आतल्या तेलावर फक्त स्प्रिंगांचा दाब राहील. बॅटरी सोडली, ठोकळ्याकडचे नळीचे टोक पांढऱ्या ट्रेवर धरून हळूहळू सैल केले. स्प्रिंगांनी रॉड वर ओढला आणि तेल ट्रेमध्ये आले. लाल तेलात पांढरे तुकडे लगेच दिसतात: पहिल्या खेपेला तीन, दुसऱ्या खेपेला एक, तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला काही नाही. ट्रेमधले तेल परत टाकीत घातले नाही, नवे भरले.

व्हॉल्व्हच्या बैठकीवर टॉर्चच्या तिरप्या उजेडात एक बारीक रेघ दिसत होती. पहिल्यांदा ती होती का, मला सांगता येत नाही, तेव्हा तिरपा उजेड टाकून पाहिलेच नव्हते. धुऊन पुन्हा तोच बसवावा की नवा घालावा, यावर थोडा वेळ घातला आणि नवा घातला. रेघ पडलेली बैठक आज धरेल, पण किती दिवस धरेल याची खात्री देता येत नाही, आणि ती खात्री मला दुसऱ्यांदा चुकवायची नव्हती.

परिणाम

या वेळी गाडी दोन रात्री ठेवून घेतली. पहिल्या रात्री चारही रॉड २ मिलिमीटर, दुसऱ्या रात्री, जरा उबदार होती, १ ते २. वर यायला चारही जॅकना अर्ध्या मिनिटाच्या आसपास. चार महिन्यांनी बोलणे झाले तेव्हा मालकांनी महिन्याची चार मोजमापे वाचून दाखवली, एकही ३ च्या वर नव्हते.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी इतिहास. या यंत्रणेला शेवटचा हात कोणी, कधी आणि कुठे लावला, हे मी पहिल्या फोनवर विचारले असते तर नळीची गोष्ट दोन दिवस आधी कळली असती. अदलाबदल तरीही केलीच असती, पण व्हॉल्व्ह उघडताना काय शोधायचे ते ठाऊक असते, आणि नळी धुण्याचे काम पहिल्याच वेळी झाले असते. बाहेरून आलेला कण व्हॉल्व्हमध्ये सापडला की तो आला त्या वाटेची सफाई हे त्याच दुरुस्तीचे काम आहे, ते मी वेगळे समजलो.

पहिल्या कार्यशाळेने स्प्रिंगा बदलल्या ते मला समजू शकते. रेंगाळणाऱ्या जॅकला स्प्रिंग हे नेहमीचे कारण आहे. पण स्प्रिंग सैल झाल्याने उभी गाडी कधीच बसत नाही, उलट खेचणारी स्प्रिंग कमजोर झाली तर रॉड वर यायला एक कारण कमी होते. दोन तक्रारींपैकी एकीचेच उत्तर देणारे निदान तिथेच थांबवायला हवे होते. सीलच्या निदानाचेही तेच: कोरड्या रॉडवर चिंधी फिरवायला एक मिनिट लागते.

मालकांच्या बाजूने दोन गोष्टी बदलल्या. तेलाची पातळी आता ते चारही जॅक वर घेऊनच पाहतात, आणि टाकीच्या कप्प्याच्या दारावर आतून तशी चिठ्ठी चिकटवली आहे. आणि मुक्कामाला पोचल्यावर काकू मागच्या दोन रॉडची लांबी मोजून पंचांगामागे ठेवलेल्या वहीत लिहितात, तारीख आणि रात्रीचे तापमान यांसकट. पुढच्या वेळी काही बिघडलेच तर पहिली रात्र मला मोजण्यात घालवावी लागणार नाही.